‘थोडी कमजोरी वाटते, डॉक्टर’

चाकणच्या तळेगाव चौकाजवळचा कुठलाही लहान दवाखाना घ्या. संध्याकाळची वेळ. दिवसपाळी सुटलेले आणि रात्रपाळीला निघालेले, दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात. पस्तिशीतला एखादा कामगार आपला नंबर आला तरी मागच्याला पुढे जाऊ देतो. खोली रिकामी झाल्यावरच आत येतो आणि म्हणतो, “थोडी कमजोरी वाटते, डॉक्टर.” डॉक्टर पापणी खाली ओढून पाहतात, बीपी मोजतात, थकवा किती दिवसांचा आहे ते विचारतात. मग तपकिरी काचेची बोटाच्या पेराएवढी कुपी फोडतात. सिरिंजमध्ये चढणारं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. सुई टोचून घेऊन, गोळ्या खिशात टाकून माणूस बाहेर पडतो. जे सांगायला तो आला होता, ते न सांगताच.

ते लाल औषध म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक अणू बसलेला असतो आणि त्यातून तो रंग येतो. उजेडाने औषध खराब होऊ नये म्हणून काच तपकिरी. कामगार वस्त्यांत त्याला ‘लाल इंजेक्शन’ किंवा सरळ ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणतात. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी या गावांमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारो तरुणांच्या दृष्टीने ताकद या शब्दाचा एक अर्थ शिफ्टभर उभं राहण्याची ताकद असा आहे. दुसरा अर्थ चारचौघांत बोलायचा नसतो.

एका शब्दात किती काय दडवता येतं, ते ‘कमजोरी’ या शब्दावरून कळतं. पिंढऱ्या दुखणं कमजोरी, चक्कर येणं कमजोरी, आणि संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता न येणं, आली तरी न टिकणं, वीर्य फार लवकर पडणं, इच्छाच न होणं हीसुद्धा कमजोरीच. खरं तर यातल्या शेवटच्या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचारही वेगळे. सगळ्यांवर एकच शब्द पांघरला की सगळ्यांना एकच औषध मिळतं, आणि हल्ली ते औषध बहुतेक वेळा व्हिटॅमिनचं असतं.

आता, व्हिटॅमिन कमी आहे हे सांगणारा डॉक्टर खोटं बोलत असतो असं मुळीच नाही. पुणे परिसरातल्या पुरुषांबद्दल तर याचा भक्कम पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले अशा ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. ही सगळी माणसं वरवर पाहता धडधाकट होती.

बी-१२ वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतंच. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून मिळतं. शरीराला दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, आणि यकृतात काही वर्षांचा साठाही असतो, त्यामुळे कमतरता हळूहळू, कळत नकळत होते. खानावळीच्या डब्यात चपाती, बटाट्याची पातळ भाजी, भात आणि वरण. आठवड्यातून एकदा अंडाकरी. सकाळी चहात घातलेलं दूध तेवढंच. असा डबा वर्षानुवर्षं खाणाऱ्याला शाकाहाराचं व्रत नसलं तरी बी-१२ कमी पडू शकतं.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट तर आणखी जवळची. ते कातडीत उन्हाने तयार होतं, तेही प्रामुख्याने ऊन डोक्यावर असताना. पुण्याला उन्हाची काय कमी! पण रात्रपाळीचा माणूस अकरा ते दोन या वेळात पडदा लावून झोपलेला असतो, आणि दिवसपाळीचा माणूस पत्र्याच्या उंच शेडखाली, पूर्ण बाह्यांचा गणवेश घालून लाइनवर उभा असतो. उन्हाच्या देशात उन्हाचं जीवनसत्त्व कमी पडतं ते असं.

तेव्हा कमतरता खरी आहे. ती भरून काढलीच पाहिजे. बी-१२ फार कमी झालं की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, रक्त कमी होतं, विसरायला होतं. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचंही राहतं. प्रश्न पुढचा आहे. ती भरून काढली म्हणजे लैंगिक तक्रार बरी होते का?

त्यासाठी ताठरता येते कशी, हे थोडं जवळून पाहायला हवं. मनातून किंवा स्पर्शातून उठलेला संदेश मज्जातंतूंवाटे लिंगापर्यंत पोचतो. तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्याने स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात, रक्त वेगाने आत शिरतं. स्पंजासारख्या पोकळ्या भरून फुगल्या की रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आपोआप दाबल्या जातात आणि रक्त आतच राहतं. म्हणजे मन, मज्जातंतू, धमन्या, संप्रेरकं, सगळं जागेवर असावं लागतं. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला ताठरतेवरचं औषध म्हणून परवानगी मिळाली. ते मुळात हृदयाच्या कळांसाठी तयार केलेलं औषध. चाचणीत कळा फारशा थांबल्या नाहीत, पण भलताच परिणाम पुरुषांच्या लक्षात आला. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात इच्छा असेल आणि संदेश निघाला असेल तर तो लवकर विरू देत नाही, एवढंच तिचं काम.

या साखळीत जीवनसत्त्वं कुठे बसतात? बी-१२ मज्जातंतूंचं वेष्टन राखतं. शिवाय बी-१२ आणि फोलेट कमी असले की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल साचतं आणि ते वाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतं. याज्ञिकांच्या त्याच अभ्यासात ५८ टक्के पुरुषांमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं होतं. ड जीवनसत्त्वाचाही त्या अस्तराशी संबंध आहे, आणि ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांमध्ये ड कमी सापडतं असं अनेक निरीक्षणांत दिसलंय. कागदावर सगळं जुळतं.

पण एकत्र सापडणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. जाड, मधुमेही, घराबाहेर न पडणाऱ्या माणसात ड जीवनसत्त्व कमी असतं आणि त्याच्याच धमन्याही खराब असतात. खरी परीक्षा म्हणजे निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देऊन पाहणं. ऑस्ट्रेलियातल्या डी-हेल्थ चाचणीत साठीच्या पुढच्या २१,०००हून अधिक स्त्री-पुरुषांना दर महिन्याला ६०,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा तशीच निष्क्रिय गोळी देण्यात आली. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जी ६०,०००ची पुडी मिळते, तेवढाच हा डोस. तीन वर्षांनी पुरुषांना ताठरतेबद्दल विचारलं, तेव्हा दोन्ही गटांत सुमारे ५९ टक्के पुरुषांना तक्रार होती. काही फरक नाही. ही माणसं वयस्क होती आणि बहुतेकांना मुळात मोठी कमतरता नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं; चाकणच्या तिशीतल्या कामगाराला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण सरसकट पुडी दिल्याने ताठरता सुधारते या समजाला मात्र त्यातून आधार मिळत नाही.

नायसिनचा, म्हणजे बी-३ चा, एक निकाल उलट दिशेचा आहे. हाँगकाँगमध्ये कोलेस्टेरॉल बिघडलेल्या १६० पुरुषांवर १२ आठवडे चाचणी झाली आणि रोज १,५०० मिलिग्रॅमपर्यंत नायसिन घेणाऱ्यांपैकी ज्यांची तक्रार तीव्र होती त्यांना काहीसा फायदा दिसला. हा डोस रोजच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. तो स्वतःच्या मनाने घेतला तर अंगाची आग, खाज आणि यकृताला इजा होऊ शकते. मूल होण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जस्त-फोलिक आम्लाच्या गोळ्यांचं काय? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत वीर्याचा दर्जाही सुधारला नाही आणि मूल होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. तो निकाल २०२० चा.

या सगळ्यातून एवढं म्हणता येतं, की रक्तात कमतरता सापडली तर ती भरावी, कारण ती मुळातच भरायला हवी. थकवा गेला, मुंग्या थांबल्या, झोप लागली तर शरीरसुखालाही त्याचा हातभार लागेल. पण जीवनसत्त्व म्हणजे लैंगिक दुर्बलतेवरचा उपचार, असं आज कुणी सांगत असेल तर त्यामागे पुरेसा पुरावा नाही. आणि इथेच काळजीची गोष्ट सुरू होते, कारण ज्या वेळात माणूस लाल इंजेक्शनचा कोर्स पुरा करत असतो, त्याच वेळात त्याच्या शरीरात दुसरंच काही चाललेलं असू शकतं.

लिंगाकडे जाणारी धमनी एक ते दोन मिलिमीटर रुंद असते. हृदयाची धमनी तीन-चार मिलिमीटरची. रक्तात साखर वाढली, चरबी साचली, तंबाखूने वाहिन्या आक्रसल्या, तर आधी बारीक नळी तुंबणार. म्हणून ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते, असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध पाहणीत ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांना कमीअधिक तक्रार होती. मधुमेह असलेल्यांमध्ये पूर्ण असमर्थतेचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांना तो असल्याचा पत्ताच नाही. अशा माणसाच्या शरीराने पहिली खूण ज्या ठिकाणी दाखवली, ते ठिकाण नेमकं न बोलण्याचं. दोनशे रुपयांत होणारी साखरेची तपासणी राहून जाते आणि हजारो रुपयांच्या ताकदीच्या गोळ्या घेतल्या जातात, हे पाहून वाईट वाटतं.

झोपेचं गणितही या पट्ट्यात वेगळं आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसा त्यांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. दर आठवड्याला पाळी बदलणारा, दिवसा पत्र्याच्या खोलीत घामाने भिजत झोपणारा, ओव्हरटाइम आला की झोपेतले दोन तास देऊन टाकणारा कामगार वर्षानुवर्षं याच प्रयोगात असतो. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी करतात, कारण रात्रीच्या झोपेनंतर ते सर्वांत जास्त असतं. रात्रपाळी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून सरळ प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाचा सकाळी आठचा रिपोर्ट म्हणूनच फसवा असू शकतो. पाळी कुठली चालू आहे हे रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगायला हवं. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, पण एका रात्रीच्या झोपेने सगळं भरून निघत नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात, नीट झोप झाल्यावर केलेली तपासणी जास्त विश्वासाची. आणि एकदा कमी आलं म्हणून लगेच संप्रेरकाचं इंजेक्शन सुरू करत नाहीत, दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं. मूल हवं असलेल्या जोडप्याला हे आधी कुणीतरी सांगायला नको का?

सिल्डेनाफिल आणि त्याच्या भावंडांनी लाखो पुरुषांचा संसार सुखाचा केलाय, यात शंका नाही. या गोळ्या स्वस्तही आहेत. कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात, तरी त्या पुष्कळदा काउंटरवर नुसत्या खुणेने मागितल्या जातात. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. चिठ्ठीचा आग्रह यासाठी आहे. आणि ज्यांना ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून कॅप्सूल विकल्या जातात, त्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ‘नैसर्गिक’ शक्तिवर्धकांमध्ये न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल वेळोवेळी पकडलं आहे. हृदयाचा रुग्ण वनौषधी समजून तीच गोळी गिळतो.

पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला जडीबुटीचे तंबू दिसतात, भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला भारतात १९५४ पासून बंदी आहे. योगायोग असा, की त्याच १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली ही ‘एच. ए. कंपनी’ पिंपरीच्या उद्योगनगरीतल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. खऱ्या औषधाचा एवढा जुना वारसा ज्या गावाला आहे, तिथल्या कामगाराने तंबूतल्या बाटलीसाठी पगारातले पाच हजार मोजावेत, हे मनाला लागतं.

मनाची बाजू वेगळीच. नांदेड, लातूर, बुलढाण्याकडून किंवा बिहारमधून आलेला मुलगा कॉट बेसिसवर चौघांत राहतो. दोन-तीन महिन्यांनी गावी जातो, दोन रात्री बायकोजवळ असतो. त्या दोन रात्री सगळं नीटच झालं पाहिजे, हे दडपण इतकं असतं की त्यानेच ताठरता जाते. एकदा गेली की पुढच्या वेळी भीती आधी पोचते. कुणाला वाटतं, लघवीवाटे किंवा स्वप्नात धातू, म्हणजे वीर्य, जातो म्हणून आपण वाळत चाललो. या समजुतीने खंगणाऱ्या तरुणांच्या आजाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जाण्याने शरीर झिजत नाही, हे कुणी शांतपणे समजावून सांगितलं तर यातले पुष्कळ जण सुधारतात. बी-१२ ची सुई टोचून ‘गेलेली ताकद भरून येईल’ म्हटलं तर मात्र चुकीची समजूतच पक्की होते.

हे समजावून सांगणं महाराष्ट्रात नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक लैंगिक शंका लिहून पाठवत, कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, असं त्यांनी मांडलं, पण खटला ते हरले. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’ने मराठी घरांत तेच काम केलं. कर्व्यांना पत्रातून जे विचारलं जायचं, ते आज चाकणच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या जिभेवर येत नाही.

म्हणून निम्मं काम डॉक्टरांकडे आहे. पेशंट ‘कमजोरी’ म्हणाला की दार लोटून विचारायचं: कसली कमजोरी, कामाची की संबंधांची? सकाळी उठताना ताठरता येते का? येत असेल तर नसा आणि धमन्या बहुधा ठीक आहेत आणि शोध मनात, झोपेत, नात्यात घ्यायचा. येत नसेल, हळूहळू कमी होत गेली असेल, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गरजेप्रमाणे थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन. तंबाखू किती वेळा मळता? दारू? बायकोला बोलावता येईल का? हे सारं पिंपरीच्या संत तुकारामनगरमधल्या महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात, किंवा ईएसआयचं कार्ड असलेल्याला चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयात विचारता आणि तपासता येतं. मेडिसिनच्या ओपीडीत ‘संबंधाच्या वेळी अडचण येते’ एवढं एक वाक्य म्हटलं तरी पुरतं.

आणि शेवटचा प्रश्न, औषधं कुठली चालू आहेत? रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी ताठरता किंवा वीर्यपतन बिघडतं. त्या स्वतः बंद करायच्या नसतात, डॉक्टर बदलून देतात. एखादा पन्नाशीचा फिटर पिशवी उघडतो आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची पाकिटं टेबलावर ठेवतो. सात-आठ वर्षं चालू आहे म्हणतो. मेटफॉर्मिन फार वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि मग पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या की जीवनसत्त्वाच्या, हे तपासल्याशिवाय कळत नाही. अशा माणसाच्या कागदावर बी-१२ ची तपासणी लिहायलाच हवी. कमी निघालं, तर त्यालाही तीच तपकिरी कुपी फोडून लाल इंजेक्शन मिळेल, पण ते पायांसाठी. आणि शेजारच्या ओळीत साखरेचा, हृदयाचा आणि ज्यासाठी तो आला होता त्या तक्रारीचा उपचार वेगळा लिहिलेला असेल.